वीस मिनिटांची तपासणी

संगणक दुरुस्तीच्या त्या गल्लीत त्यांना सगळे तांबट म्हणतात. भांडं त्यांनी आयुष्यात कधी ठोकलं नाही. ते संगणकाच्या पडद्यावर चित्रं उमटवणारी ग्राफिक्स कार्डं दुरुस्त करतात. पण कोणी नवं कार्ड कौतुकाने दाखवायला आणलं, की ते आधी विचारतात, "तांबं किती आहे यात?" म्हणून हे नाव पडलं.

जिन्याखालची खोली, एक टेबल, भिंगाचा दिवा. सात वर्षं इथे काढली. त्याआधीची चौदा एका कार्डं बनवणाऱ्या कंपनीत, तपासणी विभागात. चिप बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तीच चिप विकत घेऊन कार्ड बनवणारे मात्र ढीगभर. मग फरक उरतो तो पंख्यात, उष्णता ओढून घेणाऱ्या पट्टीत आणि खोक्यावरच्या वाघ-सिंहांच्या चित्रांत. तांबटांची कंपनी पट्टी तांब्याची घालायची. रस्त्यापलीकडच्या कंपनीने ॲल्युमिनियम घातलं आणि भाव पाडला. तिला हे लोक नुसतं 'समोरचे' म्हणत. पुढे चिप महागली, समोरचे टिकले, यांना टाळं लागलं.

"आम्ही तांबं सोडलं नाही, म्हणून बुडालो," हे वाक्य गल्लीने इतक्यांदा ऐकलं होतं, की चहावाला ते त्यांच्याआधी पूर्ण करायचा.

बायको म्हणायची, "कंपनी कसली, ती तुमची पहिली बायको. माझ्याबद्दल कधी इतकं बोललात?"

"तू अजून बंद कुठे पडलीस?"

"बोलणं बंद करून दाखवू का?"

कंपनीच्या जागी आता फर्निचरचं गोदाम आहे. महिन्यातून एकदा तरी ते दोन थांबे आधी उतरतात आणि फाटकावरून चालत जातात. डोळ्यांपुढे मात्र सोफे नसतात. तपासणीची चाळीस यंत्रं एका ओळीत, सगळे पंखे एकदम सुरू झाले की उठणारा तो आवाज, आणि इतकी थंडगार खोली, की भर उन्हाळ्यात लोक स्वेटर घालून बसायचे. तो आवाज त्यांना अजून हवा असतो. एक-दोन पंख्यांनी भागत नाही.

गेल्या मंगळवारी एक ओळखीची मुलगी आली. न बांधलेल्या घरांची चित्रं संगणकावर करून बिल्डरांना द्यायची, हा तिचा धंदा. तिने पिशवीतून कार्ड काढलं.

"काका, तुमच्या कंपनीचं. जुन्या बाजारात महिनाभर शोधत होते. तुम्हीच म्हणायचात ना, मिळालं तर सोडू नकोस? पण तासाभराने बंदच पडतं हो. शुक्रवारी चित्रं द्यायचीत."

तांबटांनी कार्ड हातात घेतलं. हलकं लागलं. चौदा वर्षांत लाखभर कार्डं त्या हातांतून गेली होती. काट्याची गरज नव्हती. त्यांनी स्क्रू काढले. पट्टी लालसर होती, तांब्यासारखीच. पात्याने कोपरा खरवडला. आत पांढरं.

"समोरच्यांचं डुप्लिकेट," ते पुटपुटले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी कार्ड उलटलं. पाठीवर तपासनीसाची हिरवी खूण होती. बाकी सगळ्यांची खूण उजवीकडे झुकायची; ही डावीकडे झुकलेली. विभागात डावखुरे ते एकटेच होते. तारीख शेवटच्या वर्षाची.

ते वर्ष त्यांना चांगलं आठवत होतं. साहेबांनी एका सोमवारी जाहीर केलं, की कार्ड तासभर तापवून बघायची गरज नाही, वीस मिनिटं पुरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनीही. त्या गारठ्यात वीस मिनिटं कुठलंही कार्ड टिकलं असतं. आणि सीलबंद कार्ड उघडायचं नाही, हा तपासणीचा नियमच होता. हातांना ती हलकी लागली असणारच; त्यांनी विचारलं नव्हतं. त्यानंतरचा माल फारसा खपला नाही, म्हणून सात वर्षांत त्यातलं एकही त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं.

"काय झालं काका? होईल ना?"

चिप आणि पट्टीमधली पॅड बदलून, मोठा पंखा लावून शुक्रवारपर्यंत ते नक्की चाललं असतं. तिला काही कळलंही नसतं. गल्लीलाही नाही.

"हे तांब्याचं नाही," तांबट म्हणाले. "वर मुलामा आहे. आणि पास मीच केलंय."

मुलीला हसू आलं. त्यांचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "मग तुमचं ते तांबं-तांबं?"

"आधीची खरी होती. मी इथे दुरुस्तीला उघडलीत. शेवटच्या वर्षी आम्हीही समोरच्यांसारखेच झालो. फक्त भाव आमचा ठेवला."

"आता कुठलं घेऊ?"

"समोरच्यांचंच घे. ते निदान ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम म्हणतात. शुक्रवारपर्यंत हे चालवून देतो, पैसे नकोत."

ती गेल्यावर त्यांनी फोन उचलला. चौदा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाई आता नातवंडं सांभाळतात.

"काय हो, आपली तपासणी वीस मिनिटांची झाली, तेव्हा तुम्हाला काही वाटलं होतं?"

"वाटलं होतं की! पाचला सुटायला लागलो. सोन्यासारखं वर्ष गेलं ते. का हो?"

तांबटांनी पट्टी टेबलावर उलटी ठेवली. "सहज," ते म्हणाले.

"कंपनीने पुन्हा बोलावलं तर जाल?" बाईंनी विचारलं.

"आज बोलावलं तर आज," तांबट म्हणाले. फोन ठेवून त्यांनी जुनी पॅड खरवडायला घेतली.