बाईच्या हातचं खत

माझं माहेर वरोऱ्याकडचं, काळ्या मातीचं. तिथं पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी. लग्न होऊन मी वैनगंगेच्या अलीकडच्या एका धानाच्या गावात आले, तेव्हा वावर बघून माझा जीव खट्टू झाला. लालसर, रेताड जमीन; नखानं खरवडली तर खाली खडे. गावाला लागूनच जंगल. देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली असतील, पण आमच्या गावाला मोटार लागायला तीन कोस चालावं लागे.

घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक आणि माझी थोरली जाऊ. थोरले दीर लग्नानंतर तीन वर्षांत तापानं गेले होते. जावेला मूलबाळ नव्हतं. माहेरचे तिला न्यायला आले, तेव्हा धाकट्या दिराला आईबाप नाहीत, त्याच्याकडे कोण बघणार, म्हणून ती गेली नाही. तिनंच माझ्या मालकांना लहानाचं मोठं केलं, आणि त्यांच्यासाठी मला बघायलाही तीच आली होती. ते तिला वैनी म्हणत. मी बाई म्हणे.

बाईचा दिवस गोठ्यात सुरू होई. जनावरांखाली ती तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, जाड थर घाली. जनावरांचं मूत त्यात मुरे. सकाळी ते ओलं तणस आणि शेण टोपलीत भरून परसातल्या खड्ड्यात. त्यावर चुलीची राख, त्यावर जंगलातला पाला, त्यावर बोडीतला गाळ. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. उन्हाळ्यात आटलं की तळाचा काळा गाळ उघडा पडे आणि बाई बैलबंडी घेऊन हजर. फाल्गुनात पानगळ झाली की आठ दिवस आम्ही पाला वेचत असू. ऐनाचा, पळसाचा. सागाचा ती मुद्दाम बाजूला टाकी. "हा लवकर सडत नाई," म्हणे.

माझ्या माहेरी शेणाला हात लावायला गडी होते. पहिल्या महिन्यात मी टोपली डोक्यावर घेतली की नाकाला पदर लावी. बाईनं ते पाहिलं आणि हसली.

"काऊन वो, वास येते का?"

"येतो ना."

"येऊ दे. वास येते तोवर ते शेन हाये. वास गेला का मंग ते खत."

मी हो म्हटलं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात बाईच्या भावाला साप चावल्याचा निरोप आला. ती त्याच पावली निघाली. जाताना मला एवढंच म्हणाली, "परे टाकाची वेळ झाली तं खत टाकजो. मी येतोच." परे म्हणजे धानाची रोपं, आधी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, दाट टाकायची आणि मग उपटून साऱ्या वावरात रोवायची. त्या एका बांधीवर घरचं वर्ष अवलंबून असे.

आठ दिवस झाले, बाई आली नाही. शेजारपाजारच्यांच्या बांध्या तयार झाल्या. मालक म्हणाले, "वैनी येऊ दे. तिच्याबिगर मी खताले हात नाई लावत."

मला राग आला. घरात दीड वर्ष झालं, तरी मी अजून पाहुणीच! मी म्हटलं, "मला काय खत समजत नाही? रोज माझ्याच डोक्यावरून जातं ते."

मी त्यांना परसातला उघडा खड्डा दाखवला. काळं, ओलं, भरघोस दिसत होतं. त्यांनी बंडी भरली, दोन खेपा टाकल्या. मी स्वतः हातानं पसरलं. कमी पडू नये म्हणून जास्तच पसरलं. गोठ्यामागं दुसरा एक उंचवटा होता, मातीनं लिंपलेला, वर भोपळ्याचा वेल चढवलेला. तो मला भोपळ्याचा वाफाच वाटे. बाईनं मागच्या वर्षीचा खड्डा भरल्यावर माती लिंपून तो असा मुरायला ठेवला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

परे उगवले. चार बोटं झाले आणि पिवळे पडू लागले. मी रोज सकाळी जाऊन बघे. आधी कडेचे गेले, मग मधले. शेंडे असे करपले, की कुणी निखारा फिरवला असावा. मुळाशी उकरलं तर पांढऱ्या अळ्या. मालक बांधावर बसून मेलेली रोपं उपटत राहिले. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

बाई एकविसाव्या दिवशी आली. भाऊ वाचला होता. ती हातपाय धुवून सरळ बांधीकडं गेली, मी मागोमाग. तिनं खाली बसून मातीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"कोनतं टाकलं?"

"खड्ड्यातलं." मी म्हटलं. "मीच सांगितलं त्यांना. ते नको म्हणत होते."

"हात घाल."

मी घातला. वरचा चिखल गार होता, पण आत जिथं शेणाचा गोळा होता, तिथं चांगलंच कोमट लागलं.

"कच्चं होय ते," बाई म्हणाली. "अजून सडून राह्यलं. सडतानी ते तापते, अन् नाजूक मुळ्यायले जाळते." मग हात बाहेर काढत म्हणाली, "चूक माही बी हाये. तुले दाखवाले पायजे होतं. मले वाटलं, तुले कायले त्रास."

मी तिथंच रडले. ती मला रडू देत बसून राहिली. मग पदर खोचून उठली. "चाल. आता नवे टाकाले उशीर झाला. परे मांगाले जाऊ."

जंगलाच्या कडेला अर्ध्या कोसावर गोंडांची दहाबारा घरं होती. तिथली एक म्हातारी मोहफुलं घेऊन आमच्याकडं यायची आणि बदल्यात तांदूळ न्यायची. तिचा देव वेगळा, बोली वेगळी, पण बाईशी तिचं गूळपीठ. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात पानं निवडत होती. बाईनं सगळं सांगितलं, माझी चूक न सांगता. म्हणाली, "औंदा परे जळले."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलंच असावं. "परे हायेत," ती म्हणाली. "पन आधी माही रोवनी. मंग उरल ते तुमी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या बांधीत उतरलो. मी आयुष्यात कधी रोवणी केली नव्हती. कमरेत वाकून मागं मागं सरकायचं, डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं रोप चिखलात खुपसायचं. तासाभरात पाठ मोडली. पण पायाखालचा चिखल असा मऊ होता, की लोण्यात उभी आहे असं वाटे. मी विचारलं, "हिच्याकडं तर दोनच गाई. इतकं खत कुठून?"

म्हातारीनं चिखलात हात घालून काळी, अर्धी विरलेली डहाळी वर काढली. करंजाची. रोवणीच्या आधी ओला पाला बांधीत टाकून त्यांची घरची माणसं तो पायांनी तुडवत.

"जंगल आमाले देते, वावराले बी देते," ती म्हणाली आणि खाली वाकली.

दोन दिवस तिची रोवणी केली. तिसऱ्या दिवशी डोक्यावर जुड्या घेऊन आम्ही घरी आलो. आमच्या निम्म्या बांध्या रोवल्या गेल्या, निम्म्या तशाच राहिल्या. त्या वर्षी आम्ही आंबील आणि मोहाच्या भाकरी जास्त खाल्ल्या. बाईनं गावात कुणालाही कारण सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तिनं मला खड्ड्याशी नेलं. "आता हे तुह्यं," म्हणाली. थर कसा घालायचा, पाणी किती शिंपडायचं, तोंड कधी लिंपायचं, सगळं माझ्याकडून करवून घेतलं. खताची मूठ दाबून बघायला शिकवलं. हाताला चिकटलं तर कच्चं, भुरभुर सुटलं तर पक्कं. पुढच्या ज्येष्ठात मी पहिल्यांदा मुरलेला खड्डा फोडला. आतून काळं, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखं निघालं. मी मूठ नाकाशी नेली. दाट रानात सावलीतली माती हुंगावी तसा वास. बाई माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती, इतका आनंद झाला होता.

त्या वर्षीचे परे हिरवेगार आले. तिथून पुढचे चार पावसाळे माझ्या आयुष्यातले सर्वांत भरलेले. आम्ही दोघी पहाटे गोठ्यात, दुपारी जंगलात. बोलणं फार नसे. तिनं मोळी बांधायला घेतली की मी न सांगता दोरी पुढं करी.

मग मालकांना चांद्याला कोळशाच्या खाणीच्या कचेरीत काम लागलं. आम्ही बाईला चला म्हणालो. "अन् गोठा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, जनावरं कुणाला तरी देऊ. तिनं मान हलवली आणि माझं सामान बांधू लागली.

ती एकदाच चांद्याला आली. तीन कोस चालून, मग मोटारीनं, डोक्यावर पोतडी. मला वाटलं तांदूळ. उघडलं तर खत. मोटारीत कुणाला पत्ताही लागला नाही, असं सांगून ती पोट धरून हसली. मग घराभोवती फिरली. नळाजवळ कोळशाच्या भुकटीनं काळी झालेली वीतभर जमीन होती. तिथं बसून तिनं बोटांनी माती उकरली, चवळी लावली. दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गाय विनार हाये, वासराले कोन पाहीन," आणि गेली.

पुढच्या माघात ती गेल्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. गोंडवाडीतल्या त्या म्हातारीनं जनावरांना चारापाणी केलं होतं. मला बघून ती आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि माझा हात हातात घेऊन बसली. वावर आम्ही तिच्या मुलाला कसायला दिलं.

आता मी बाईपेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे. मनात तिला पुष्कळदा विचारते. तुला हे कुणी शिकवलं? तुझ्या आईनं? आम्ही गेल्यावर संध्याकाळी तू कुणाशी बोलायचीस? तेव्हा विचारायला चार वर्षं होती. आम्ही पाला वेचत राहिलो.