रविवारची साक्ष

शेजारच्या तरुणाला चर्चच्या युवक मंडळानं एक सवय पक्की लावली आहे. दर रविवारी उभं राहून, देवानं आठवडाभरात काय केलं त्याची साक्ष द्यायची. गाडी एका किकमध्ये चालू झाली, तरी हा "प्रभूची कृपा" म्हणतो.

परवा बिरसीच्या रस्त्यावर बाबा सायकलवरून पडले. हा मागेच होता. गाडी लावली, डोळे मिटले आणि हात उंचावून प्रार्थनेला लागला.

"काऊन बे, हात दे ना!" बाबा ओरडले.

प्रार्थना चालूच. शेवटी धानाची रोवणी सोडून एक बाई चिखलानं भरलेल्या बांधीतून धावत आली आणि तिनं बाबांना उचललं.

यानं डोळे उघडले. "पाहा काका, प्रभूनं उठवलं तुमाले!"

रविवारी साक्षीला टाळ्या पडल्या म्हणे. बाबांच्या सदऱ्यावर त्या बाईची चिखलाची पाच बोटं आहेत. आई ती अजून घासून राहिली आहे.