कातडी बुश

उस्ताद बॉनेटला हात लावायच्या आधी ड्रायव्हरचा पंजा हातात घेऊन बघायचे. माधवनगरच्या त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझाही बघितला आणि म्हणाले, "हवालदार, तुमी गिअर टाकत न्हाई, गिअरशी कुस्ती खेळताय." फौजेत वर्षानुवर्षं ट्रक हाकलेला माणूस मी, मला रागच आला. पण गाडी त्यांच्या दारात उभी होती, म्हणून गप्प बसलो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनएक वर्षांनी घडलेली ही गोष्ट. गाडी कडेगावच्या आमच्या मालकांची. साहेबाच्या काळातली लांबलचक विलायती मोटार, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे सांधे पार झिजले होते. दोन गिअर एकदम अडकायचे, मग भर रस्त्यात बॉनेट उघडून सळ्या हातानं सोडवायच्या. सांगलीत दोघातिघांनी हात झटकले, एकानं तर चक्क वेल्डिंग मारून दिलं. ते बघून उस्ताद भडकले. "हलायच्या सांध्याला वेल्डिंग? त्याच्या गुडघ्याला मारा म्हणावं एकदा!"

उस्ताद पूर्वी कापडगिरणीत माग दुरुस्त करायचे. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला दिवसभर ठोसे मारणारा म्हशीच्या कातड्याचा एक जाड ठोकळा असतो. तसल्या ठोकळ्यातून त्यांनी झिजलेल्या सांध्यांत बसवायला अंगठीएवढी कडी, म्हणजे बुश कापले आणि एरंडेलात मुरत ठेवले. मालकांचे निरोपावर निरोप, कारण थोरल्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. उस्ताद ढिम्म. "कातड्याला तेल पिऊ द्या. लय घाई असंल तर टांगा करा." आठ दिवसांनी बुश बसवले आणि गिअर करंगळीनं पडायला लागला.

मला कुठलं राहवतंय! गावभर कौतुक सांगत सुटलो. लग्नाच्या दिवशी गाडीची पूजा चालू असताना ते मालकांच्या बहिणीच्या, आक्कासाहेबांच्या कानावर गेलं. "नवरी बसायच्या गाडीत मेल्या म्हशीचं कातडं? आधी काढा ते!" आणि मालकांनी मान डोलावली. आता तुम्हीच सांगा, त्या गाडीच्या गाद्या कातड्याच्या, मालकांच्या पायातल्या करकरणाऱ्या वहाणा कातड्याच्या, दारात वाजत होती त्या हलगीवरही कातडंच! त्यातलं काही बाटवत नव्हतं. बाटवत होतं ते एका मिस्त्रीनं जीव ओतून केलेलं काम. आजही आठवलं की डोकं फिरतं. आणि ते बुश काढले कुणी? मी. मांडवाच्या उरलेल्या कापडाच्या चिंध्या तिथं गुंडाळल्या, याच हातांनी.

औंधच्या अलीकडच्या चढाला चिंध्या फाटल्या आणि गिअर अडकला तो सुटेचना. नवरी ऊस वाहायच्या ट्रकमध्ये बसून सासरी गेली.

तिसऱ्या दिवशी मालकांनी उस्तादांना बोलावून घेतलं. पाहुणेरावळे अजून होतेच. त्या सगळ्यांसमोर मालक म्हणाले, "मिस्त्री, तुझ्या कामापायी माझी लेक रस्त्यात उभी ऱ्हायली." अरे, बुश तुमच्याच हुकमानं निघाले ना? पण हे मी मनात म्हणालो. उस्तादांनी बॉनेट उघडलं, चिंधीचा तुकडा चिमटीत धरला आणि माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी खाली बघत राहिलो, मालक शहाजोगपणे मिशी कुरवाळत राहिले. शेवटी उस्तादच म्हणाले, "चूक झाली, मालक." आणि कातड्याचे बुश पुन्हा बसवून दिले. या खेपेला कुणी ब्रही काढला नाही. नवरी गेली होती ना!

पण बोभाटा व्हायचा तो झाला. कडेगाव भागातल्या गाड्या माधवनगरला जायच्या थांबल्या. ज्यांना बुश कशाशी खातात हे ठाऊक नाही, तेही 'त्या उस्तादानं लग्नात घात केला' म्हणून सांगायला लागले. वर्षभरात गॅरेज बंद झालं आणि उतारवयात उस्ताद पुन्हा गिरणीत जायला लागले.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा सांगितला. म्हणाले, "आवं, तुमच्यावर कशाला रागावू? तुमची नोकरी हुती, पोरंबाळं हुती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "माझं मातूर नाव हुतं, हवालदार."

मी उरलेला चहा संपवला. परत आलो आणि मालकांची गाडी आणखी सहा वर्षं चालवली. गिअर एकदाही अडकला नाही.