झाकणं आवळणारी शेजारीण

बाळांनो, दिवाळीला याल तेव्हा फडताळातली काचेची बंद नळी उघडू नका, म्हणून आत्ताच लिहिते. ती शेजारच्या मुलीची आहे. महाळुंग्याच्या कंपनीत ती स्पंजासारखी सच्छिद्र पावडर बनवायची. पावडरीवर उजेड पडला की त्याची ऊर्जा ‘ट्रिपलेट’ नावाच्या अवस्थेत थोडा वेळ टिकते. त्यातून वीज करायची, हे तिचं वेड. पण हवेतला प्राणवायू लागला की सारं विझतं. म्हणून दिसेल ते झाकण ती आवळून ठेवते.

“अगं, बरणीत लोणचं आहे, तुझी पावडर नव्हे,” मी म्हणायचे.

“काकू, शत्रू दोघांचा एकच!”

गेल्या महिन्यात कंपनीने ते काम बंद केलं आणि तिला रंग तपासायला बसवलं. साहेबांना विचारून तिने ही एक नळी आणली. माझ्या स्वयंपाकघराचे पडदे ओढून नळीवर टॉर्च धरला, मग विझवला. हिरवा उजेड मागे राहिला.

“तुमच्याकडेच ठेवा, काकू. माझ्याकडे असली तर रोज हेच बघत बसेन.”

आता चहाला आली की ती फडताळाकडे नुसती बघते. जाताना बरणीचं झाकण मात्र आवळते.

काल मी टॉर्च धरून पाहिला. नळी अजून उजळते.