गोंदियाचं गुरुवारचं विमान

आमच्या कंपनीकडे तीन विमानं आहेत आणि तिन्ही एकाच दिवशी उडाली तर ऑफिसात पेढे वाटतात. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. कुठलं विमान कुठल्या गावाला, कुठल्या वारी न्यायचं आणि त्यात चार पैसे सुटतील का, हे ठरवणं माझं काम. व्हिजिटिंग कार्डावर या कामाला भारदस्त नाव आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मात्र मी विमानाचं टाइमटेबल करणारी बाई.

मी मूळची गोंदियाची. शिकायला पुण्यात आले, लग्न करून इथलीच झाले. बाबा गेल्यापासून आई गोंदियात एकटी राहते. पुण्यात कायमची ये म्हटलं की म्हणते, तुमच्या पुण्यात शेजारी दार उघडत नाही, मी बोलू कोणाशी? गाडीने जायचं तर जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि रजेसाठी साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या. वर्षातून एकदा जाणं व्हायचं. दर वेळी आई आधीपेक्षा थोडी लहान झालेली दिसायची.

म्हणून पुणे-गोंदिया हा रूट मी मांडला. म्हणजे फक्त म्हणूनच नाही. हिंजवडीत, चाकणला, खराडीला तिकडची पोरं-पोरी ढिगाने आहेत. मागणी होती, ती मी दाखवली आणि मालकांना पटली. पण पुण्याची धावपट्टी हवाई दलाची. त्यांचं झालं की मोठ्या कंपन्या, त्यांचं झालं की आम्ही. पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात उरलंसुरलं पडतं, तशा आम्हाला वेळा मिळतात. गोंदियाच्या वाट्याला रविवार आणि बुधवार आले.

रविवार बरा चालला. बुधवारी इथून जाणारं विमानही ठीक भरायचं. तिथून परत येताना मात्र रिकामं. रविवारी गेलेली माणसं बुधवारी परतायला हवीत ना? ती येतच नव्हती. आमचे फायनान्सचे साहेब बँकेतून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतले, शब्दसुद्धा व्याजाने देतात. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावाला जाणारे आहेत, येणारे नाहीत. विमान आहे की स्वर्गरथ?"

मला तिडीक आली. कंपनीला नवा गुंतवणूकदार हवा होता. त्याच्यासमोर तोट्यातला रूट ठेवायचा नाही असं ठरत होतं, आणि यादीत पहिलं नाव गोंदियाचं होतं.

त्याच सुमारास मी रविवारच्या विमानाने घरी गेले. रूट सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. परतीचं तिकीट अर्थात बुधवारचं. मंगळवारी संध्याकाळी बॅग भरायला घेतली तर आई दारात उभी.

"बुधवारी पोरीले घरून धाडत नाही," ती म्हणाली. "गुरुवारी जाजो. गाडीनं."

"आई, मी विमान कंपनीत काम करते."

"मग? विमानाले बुधवार नसते का?"

मी वाद घातला. आवाज चढवला. ती ओट्याशी जाऊन पोळ्या लाटायला लागली आणि लाटता लाटता रडायला लागली. संपलं. ही पद्धत मला लहानपणापासून माहीत होती, पण ती विमानालाही लागू होईल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या कंपनीचं रिकामं विमान बुधवारी माझ्याविना उडालं आणि मी गुरुवारी सकाळी गाडीत बसले, चरफडत.

नागपूर गेल्यावर जरा आजूबाजूला बघितलं. समोर एक बाळंतीण, मांडीवर तान्हं, घामाने निथळणारी. पलीकडे हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी, मांडीवर लॅपटॉप. तिच्या शेजारी आणखी एक, पायाशी पापड-कुरडयांचे डबे. मी बाळंतिणीला विचारलं, एवढ्या लहान बाळाला घेऊन गाडीने कशाला निघालीस, विमान आहे की. ती म्हणाली, "ते बुधवारी आहे ना. आईनं नाही येऊ दिलं." लॅपटॉपवालीने मान वर केली आणि म्हणाली, "सेम."

मी कपाळावर हात मारून घेतला. माहेरी जाताना वार कोणी बघत नाही, पोरगी कधीही आली तरी हवीच असते. बघतात ते निघताना. आणि परतीच्या प्रवासात निम्म्याहून जास्त कोण, तर या लेकी, त्यांची पोरं आणि त्यांना आणायला गेलेले नवरे. आमचं विमान नेमक्या त्या वारी परत येत होतं, ज्या वारी या बायकांना घरातून निघू देत नाहीत.

पुण्यात आल्या आल्या मी मीटिंगमध्ये हे सांगितलं. मालक हसले. फायनान्सचे साहेब हसत नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे आता वैमानिकाच्या शेजारी भटजी बसवायचे?"

"वैमानिक वारा बघून विमान उडवतो, त्याला कोणी हसत नाही," मी म्हटलं. "मग तिकिटं माणसं बघून विकायला काय हरकत आहे? आपला बेळगावचा रूट गुरुवारी आहे. तिथले व्यापारी वार बघत नाहीत, त्यांना बिल बघायचं असतं. बेळगाव बुधवारी टाका, गोंदिया गुरुवारी. एक पैसा जास्त लागत नाही."

"मॅडम, तुमचं माहेर आहे म्हणून तुम्ही भांडताय," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "माहेर आहे म्हणूनच भांडतेय. आणि माहेर आहे म्हणूनच कळलं. तुम्हाला मागणी कमी आहे असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, माझी सही त्यावर मिळणार नाही. मागणी कमी नाही. वार चुकलाय."

मालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर गुरुवारी परतीचं विमान भरलं नाही तर गोंदिया बंद, आणि मग माझ्याकडून पुन्हा त्या गावाचं नाव निघता कामा नये. मी चालेल म्हटलं.

बाहेर आले तर माझ्या हाताखालची मुलगी माझ्यावर नाराज. चांगली हुशार, तोंडावर बोलणारी. "मॅडम, दिस इज सो रिग्रेसिव्ह. आपण अंधश्रद्धेला प्रोत्साहन देतोय." मलाही ते खुपत होतंच. मी तिला म्हटलं, "हे बघ, या गोष्टीवरून मी आईशी भांडते आणि मरेपर्यंत भांडणार आहे. पण ते भांडण आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. ते सुटेपर्यंत त्या बाळंतिणीने गाडीत घाम गाळत बसायचं का?" तिला पटलं नाही. काम मात्र तिने चोख केलं.

पहिले काही गुरुवार मी फोन हातात धरूनच बसायचे. गोंदियात विमानाचं दार बंद झालं की तिथला आमचा माणूस फोन करायचा. आधी निम्मं, मग निम्म्याहून बरं, आणि गणपतीनंतर असं भरायला लागलं की त्याच्या आवाजावरूनच मला कळायचं. बेळगावच्या व्यापाऱ्यांनी वार बदलल्याचं विचारलंसुद्धा नाही.

गुंतवणूकदार आले त्या दिवशी फायनान्सच्या साहेबांनी छान कोटबीट घालून सांगितलं की वेळापत्रकाच्या शास्त्रशुद्ध फेररचनेमुळे गोंदिया रूट सुधारला आहे. मी मूग गिळून बसणार होते, खरंच. पण पाहुण्यांनी विचारलं, फेररचना म्हणजे नेमकं काय केलंत? साहेब माझ्याकडे बघायला लागले. मग मी उठले आणि सगळं सांगितलं. आईच्या पोळ्यांसकट. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. जेवून गेले.

पुढे त्यांचा निरोप आला. पैसे देऊ, पण असल्या कारणांवर चालणारे रूट आधी बंद करा. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आता काय करू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

"बंद करा," मी म्हटलं. "फक्त कारण खरं लिहा. सीटा भरतात, पैसे सुटतात, पण कोण बसतं ते सांगायची आम्हाला लाज वाटते."

त्यांनी निरोपाचा कागद घडी करून खणात टाकला. मग म्हणाले, "जा, कामाला लागा." ते पैसे आले नाहीत. कंपनी अजूनही हात आखडूनच चालते, पगार कधी कधी उशिरा होतो, तिसरं विमान बहुतेक वेळा दुरुस्तीलाच असतं. गोंदिया मात्र चालू आहे, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

आता मी जवळजवळ दर महिन्याला घरी जाते. रविवारी जायचं, गुरुवारी यायचं. परवा निघताना आई नेहमीसारखी विमानतळावर सोडायला आली. आजूबाजूला तिच्यासारख्याच आया, लेकींच्या पिशव्या धरून उभ्या. आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "आता गुरुवारचं काही नाही व. बुधवारी गेलीस तरी चालते."

मी विचारलं, "काहून?"

"पहिले तू गेली की वर्षभर दिसत नव्हती. म्हणून वार पाहू, का पोरगी सुखरूप परत आली पाहिजे. आता महिन्यात येतेस. कायले पाहू वार?"

मला रडू आलं, आणि रागही आला. या बाईच्या बुधवारासाठी मी आख्ख्या कंपनीशी पदर खोचून भांडले होते. शेजारच्या दोन-तीन आया आमच्याकडे बघत होत्या.

"आई," मी हळूच म्हटलं, "हे इथे मोठ्याने बोलू नकोस."