हातवाले भाऊ

हातवाले भाऊ भाजीची पिशवी उचलत नसत. ब्रह्मपुरीच्या बाजारात पुढे हे, दोन्ही हात छातीपाशी अधांतरी धरून, आणि मागे त्यांची बायको, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घामाघूम. ओळखीचं कुणी हात मिळवायला पुढे आलं की हे मागे सरत आणि म्हणत, "नोको भाऊ, हात चालू हायेत." मोटर चालू असते, तसे यांचे हात चालू असत. ते बंद कधी होतात, हे मी कधी विचारलं नाही. जेवताना होत असावेत, कारण जेवण ते व्यवस्थित करत.

त्याआधी ते कोरफडीचा रस विकत आणि त्याच्याही आधी चुंबकाच्या गाद्या. दोन्ही धंदे बसले. मग नागपूरला जाऊन एका शिबिरात रेकी शिकले आणि परतले ते थेट ग्रँडमास्टर होऊन. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. या जन्मात मला कुणी साधी मास्टरही म्हटलेलं नाही. न खपलेली एक गादी त्यांनी पुढच्या खोलीतल्या पलंगावर टाकली आणि लोकांना तिच्यावर निजवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक हा शब्द त्यांना खपत नसे. 'साधक' म्हणायचं.

माझ्याकडेच राहणारी माझी धाकटी बहीण सुनीता अशीच एक साधक झाली. तिच्या मुलीला, प्राजूला, सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार घरोघर आढळतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. रोज गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, अंगावर काही काढायचं नाही, हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवते. आमच्या बाबांनी धम्मदीक्षेनंतर घरात ताईत-गंडा शिरू दिला नव्हता. पोरीला ताईत बांधायला सुनीताला लाज वाटली असती. रेकीला मात्र भिंतीवर सर्टिफिकेट होतं, 'ऊर्जा' असा पुस्तकातला शब्द होता, मग लाज कशाची? शिकलेल्या माणसाला फसवायचं तर शिकलेला शब्द लागतो आणि हातवाल्यांकडे तसे शब्द ढिगानं होते.

एका रविवारी, त्यांच्या गर्दीच्या दिवशी, मीही सोबत गेले. चपला बाहेर, घड्याळ-बांगड्या काढून ठेवायच्या, मोबाईलवर बासरी. साधकानं डोळे मिटून पडायचं. मग भाऊ चार बोटं अंतर राखून डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवणार आणि हळूच विचारणार, "गरम लागून राह्यलं का?" मे महिना, ब्रह्मपुरीचं ऊन, वाऱ्यानं ऊर्जा पांगते म्हणून कूलर बंद. गरम लागणार नाही तर काय होईल? तरी कुणी नाही म्हणालंच, तर आत अडथळा आहे. रडू आलं तर साफसफाई चालली आहे. झोप लागली तर ऊर्जा खोल गेली. दुखणं वाढलं तर ते निघून जायच्या वाटेवर आहे. काहीही होवो, यांची रेकी कधी नापास व्हायची नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना असा पेपर मिळाला असता तर त्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं.

त्या दिवशी जंगलाकडच्या गावातली एक म्हातारी गुडघे घेऊन आली होती. आपली पाळी येण्याआधी तिनं विचारलं, "तुमचा देव कोणता हाये, भाऊ?"

"देव नाई, बाई. ऊर्जा हाये."

म्हातारी विचारात पडली. "आमचा पुजारी देवाले पुसते. देव नाई म्हणला, का तो बी म्हणते, दवाखान्यात ने. तुमाले नाई कोन म्हणते?"

भाऊ गोड हसले आणि त्यांनी बासरीचा आवाज वाढवला. म्हातारी पायात चपला घालून निघून गेली. मला तिच्यामागे जावंसं वाटलं, पण प्राजू गादीवर पडलेली होती.

गोड मात्र ते खरंच होते. प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवत. नवरा गेल्यापासून सुनीताला "जेवली का बाई?" असं विचारणारे तेवढेच एक होते, हे मला मान्य करावं लागतं. त्या गोडव्यानंच घात केला. औषध बंद करा, असं त्यांनी कधीही म्हटलं नाही. उलट ते पहिल्याच दिवशी सांगत, "रेकी दवाईच्या संगं करायची असते. गोळी चालू ठेवा." आणि मग, "पण शंका आन् ऊर्जा एका घरात राहत नाई, बाई. पाहा तुमी." सुनीतानं पाहिलं. दिवाळीच्या सुमारास तिनं गोळी बंद केली आणि मला सांगितलंसुद्धा नाही.

थंडी पडली आणि प्राजूचे पाय, पाठ, छाती, सगळं एकदम ठणकायला लागलं. पोरगी अंथरुणात मासोळीसारखी तडफडत होती. आम्ही तिला गाडीत घालून आरमोरीवरून गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. सकाळी मी औषधाच्या रांगेत उभी राहिले तर पुढे हातवाले भाऊ. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात केसपेपर, शेजारी त्यांची मुलगी. ही मुलगी मामाकडे शिकायला आहे, असं गावाला माहीत होतं. खिडकीतल्या बाईनं तिच्या नावानं हाक मारली आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. त्याच गोळ्या.

मला संताप आला. यांच्या घरातच सिकलसेल होता. स्वतःच्या पोरीला हे दर महिन्याला गुपचूप इथे आणत होते. चुंबकाची गादी आणि बासरी आमच्या पोरीसाठी.

"तिच्यावर नाही का चालत तुमचे हात?" मी म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून प्राजूच्या खाटेपाशी नेलं. सुनीता हात जोडून उभी राहिली, म्हणजे अजूनही! प्राजूनं डोळे उघडले. "भाऊ, हात ठेवा ना. लय दुखून राह्यलं."

त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग मुलीच्या पाकिटातली एक गोळी काढून दाखवली. "हे पाह्य बेटा. माही पोरगी हेच खाते. रोज. एक दिवस बी सोडत नाई. दोन्ही हातांत धर, डोळे मीट, आन् खाऊन टाक. यातच हाये सगळं."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं, "हेच आता रविवारी तुमच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगा."

"म्यॅडम," ते म्हणाले, "पोरीचं लगन व्हाचं हाये. सिकल हाये म्हणून माहीत झालं तर कोन करनार?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. त्या खोलीत किती जणांच्या पोरी होत्या? त्यांची लग्नं व्हायची नव्हती का?

त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. उन्हाळ्यात खोली रिकामी करून ते नागपूरला निघून गेले. जाताना सुनीताचा निरोप घ्यायला आले. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. आता तिकडे ते रंगीत खड्यांनी उपचार करतात, असं ऐकते. खुशाल करोत.

प्राजू आता कॉलेजात जाते. गोळी एकही दिवस चुकवत नाही. फळ्यावरच्या माझ्या चित्रांनी हे झालं नाही, डॉक्टरांनी दहादा समजावून झालं नाही. हातवाल्यांनी एकदा सांगितलं म्हणून झालं. रोज रात्री जेवणानंतर ती गोळी दोन्ही तळहातांत धरते, डोळे मिटते आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटते. सुनीता कौतुकानं बघत राहते. मला त्या माणसाची किळस येते, अजूनही येते. विज्ञानाची शिक्षिका असलेली मी पाण्याचा पेला हातात घेऊन तिचं पुटपुटणं संपायची वाट बघत उभी राहते, आणि एक शब्द बोलत नाही.