मनीचं दूध

पापडीहून आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी माणसांची तब्येत कधीच विचारत नाहीत. मी तापाने फणफणलेला असलो तरी त्या मला बोंबलाचा भाव सांगतात. त्यांचा सगळा जीव मांजरांत. आमच्या मनीला जुलाब लागले, तेव्हा त्या रोज इमारतीखालून साऱ्या वसईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "भाऊ, आज पातळ की घट्ट?" शेजारी माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले.

पाचव्या दिवशी मनी उठेना, तशा मावशी पाटी दारात ठेवून थेट स्वयंपाकघरात आल्या. मी वाटीत दूध ओतत होतो.

"डॉक्टरनं दूध बंद केलं ना?"

"थोडंसंच हो, मावशी. ती कशी बघते पाहा!"

"बघनारच! जीव तिचा जातोय, तुमचं काय जातंय?"

त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली, मनीच्या डोळ्यांदेखत एका दमात रिकामी केली आणि पदराने तोंड पुसलं. "तुमची माया मी पिली. आता तिला पानी द्या."

मनीने त्यांच्याकडे जन्माची वैरीण असल्यासारखं पाहिलं. तिचं पोट दोन दिवसांत ठिकाणावर आलं. राग मात्र अजून उतरलेला नाही.